दोन पावसाळ्यांचा शब्द

आमच्या घरात सकाळी दोन आवाज असायचे, एक आईच्या जात्याचा आणि दुसरा दादाच्या हुतूतूचा. आई पहाटेची कामं उरकून दळायला बसली की दादा दारात उभा राहून छाती भरून श्वास घ्यायचा आणि ओठातल्या ओठात हुतूतू-हुतूतू सुरू करायचा. त्याचा दम संपेपर्यंत आईने जात्यात किती मुठी टाकल्या ते मोजायचं काम माझं. आई वैतागायची. म्हणायची, "अरे मेल्या, तुझ्या भुणभुणीनं माझा हात चुकतो. जा, नदीवर जाऊन मर." तो हसायचा, पण हसताना दम तुटू नये म्हणून नुसत्या डोळ्यांनी. मग दम सुटला की मला विचारायचा, "किती गो भागे?" मी आकडा सांगायचे. कालच्यापेक्षा एक मूठ जास्त झाली की मला एक चिमटा बसायचा, तो त्याच्या खुशीचा. मोजायची ती सवय मला पुढे आयुष्यभर लागली. शाळेत बदली होऊन कुठेही गेले तरी वर्गात पाऊल टाकताच पोरं मोजून झालेली असायची.

आमची वाडी कापड्याच्या अलीकडे, सडकेवरून खाली उतरलं की नदीच्या अंगाला. गाव वर, आम्ही खाली. का खाली, ते आता सांगत बसत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं. बाबा सडकेच्या गँगमध्ये खडी फोडायचे. घाटाच्या रस्त्याचं काम निघालं की महिना महिना तिकडेच, आणि घरी आले की कपड्यांना डांबराचा वास. जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, आणि कधी सुकट भाजली तर त्या वासाने शेजारची मांजरं दारात. तांदळाची भाकरी पाहुणा आला तर. धम्म घेऊन आम्हाला तीन पावसाळे झाले होते. देव्हाऱ्यातले टाक बाबांनी स्वतःच्या हाताने नदीत सोडले, त्या दिवशी आई जेवली नव्हती. देव गेले म्हणून नव्हे, कोनाडा रिकामा बघवेना म्हणून. मग दादाने कॅलेंडरातलं बुद्धाचं चित्र कापून तिथे लावलं आणि आई पुन्हा जेवू लागली.

दादाचं नाव सखाराम. महाडला बोर्डिंगात राहून, मॅट्रिक होऊन तो त्या वर्षी घरी आला होता, आमच्या वाडीतला पहिला मॅट्रिक. उंच, सडपातळ, पाय लांबच लांब. शाळेच्या हुतूतूच्या संघात तो होता आणि त्याचं नाव पार खाली माणगावपर्यंत गेलेलं. सखाराम चढाईला गेला की हात हलवत परत येतो, त्याला कुणी पकडत नाही, असं लोक सांगायचे. समोरचे सातच्या सात जण त्याला पाहून मागे मागे सरत आणि शेवटच्या रेषेबाहेर पडत. बाहेर पडला तो बाद. डाव असा संपायचा. बघणारे टाळ्या पिटत. मी एकदा महाडला त्याचा सामना बघितला होता आणि आनंदाने ओरडून माझा घसा बसला होता. चौदा वर्षांची होते मी, मला काय कळत होतं!

त्याच वर्षी मार्चमध्ये आमची सगळी वाडी चवदार तळ्यावर गेली होती, दर वर्षी जायची तशी. भाकऱ्या बांधून, पहाटे निघून, पायी. तिथे एक म्हातारे भन्तेजी आले होते. आधी मुंबईत गिरणीत होते म्हणे, मग चीवर घेऊन भिक्खू झाले. त्यांनी तळ्याच्या काठावर उभं राहून विचारलं, "तुमच्या डोंगरातल्या वाड्यांवर अजून कुणाला वंदना येत नाही, अक्षर येत नाही. दोन पावसाळे कोण देतो? डोकं भादरून, चीवर घालून, माझ्यासोबत वाडी वाडी चालायचं, पावसाचे तीन महिने एका वाडीत राहून ग्रंथ वाचायचा. मिळेल ते खायचं. दोन वर्षांनी घरी जा, संसार करा, मी अडवणार नाही." पहिला हात वर गेला तो आमच्या दादाचा. मग आणखी पाच पोरांचे. आषाढ पुनवेला निघायचं ठरलं. भन्तेजींनी त्याला जवळ बोलावून सांगितलं की चीवर अंगावर आल्यावर खेळ-तमाशा काही नाही, तो नियमच आहे. दादा म्हणाला, "तवर खेळून घेतो." भन्तेजी हसले. बाबांच्या तोंडावर मात्र हसू नव्हतं. परतीच्या वाटेवर ते एकच वाक्य बोलले, "मॅट्रिक कशाला केला मग?"

मलाही राग आला होता, उगाच साळसूदपणा कशाला करू. मी सातवी पास झाले होते. बाबांनी सांगून ठेवलं होतं, दादा हाताशी आला तर तुला महाडला हायस्कुलात घालू, नाहीतर माघात लग्न. मुलगाही बघून ठेवलेला. आता दादा दोन वर्षं भिक्षा मागत फिरणार म्हटल्यावर माझं काय होणार ते मला लख्ख दिसत होतं. मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. सकाळी त्याने "किती गो?" विचारलं की मी म्हणायचे, "मला नाय माहीत. तुझ्या भन्त्याला विचार."

मग चैत्र सरता सरता प्रोफेसर आले. मूळचे महाडचे, मुंबईला कॉलेजात शिकवायचे आणि तिथला खेळ त्यांच्याच हातात. सुट्टीत गावी आले असताना त्यांनी दादाचं नाव ऐकलं आणि पोलादपूरपर्यंत एसटीने, पुढे खडीच्या ट्रकमध्ये बसून आमच्या वाडीत हजर. पांढरं धोतर, कोट, डोक्यावर टोपी, आणि घामाने निथळलेले. ब्राह्मण माणूस आमच्या ओटीवर बसलेला बघायला सगळी वाडी जमली. आईने कप चारदा घासला. गुळाचा कोरा चहा, त्यात घालायला दूध नव्हतं. त्यांनी तो बशीत ओतून फुर्र करून प्यायला आणि "आणखी आहे का?" म्हणून विचारलं. आई आत येऊन रडली. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या माणसाच्या मनात खरोखरच काही नव्हतं. तोच घोळ झाला. ज्याच्या मनात काही नसतं त्याला दुसऱ्याच्या मनातलं दिसत नाही.

"सखाराम," ते म्हणाले, "फी माफ, राहायला वसतिगृह, जेवण आमच्याकडे. चार वर्षांत ग्रॅज्युएट होशील. खेळलास तर गिरणीवाले स्वतः नोकरी घेऊन दारात येतात. जूनमध्ये चल."

दादा उभाच होता. म्हणाला, "सर, मी दोन पावसाळ्यांचा शब्द दिलाय."

"कुणाला?"

दादाने सगळं सांगितलं. प्रोफेसरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांना राग आला नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, शब्द पुढे ढकलता येईल का, आधी कॉलेज, मग धर्म. दादा नाही म्हणाला. बाबा मधे पडले, "साहेब, पोर हाय ते. त्याचं काय मनावर घ्यायचं नाय. मी पाठवतो त्याला." दादा बाबांना म्हणाला, "बाबा, तळ्यावर हात वर केला मी. आता खाली कसा घेऊ?" शेवटी प्रोफेसरच म्हणाले की जागा दोन वर्षं राखून ठेवता आली तर बघतो, पण नुसत्या माझ्या सांगण्यावर कॉलेज ऐकायचं नाही. मुंबईहून दोन माणसं आणतो. पोलादपूरच्या मैदानात वरच्या गावच्या संघाशी एक सामना खेळ. त्यांनी तुला डोळ्यांनी बघितलं की मी पत्र लिहून घेतो. मग खुशाल जा वाडी वाडी.

सगळ्यांचे चेहरे उजळले. माझा तर विचारू नका. बाबा म्हणाले, पत्र हातात आलं तर हिलाही महाडला घालतो. शब्दही राहतो, कॉलेजही राहतं, आणि माझी शाळाही! मी त्या दिवशी दादाशी बोलले.

पण दादाचंच काहीतरी बिनसलं. दोन-तीन दिवस त्याचा दम सकाळी लवकर तुटू लागला. मी मुठी मोजायचे, त्या कमी भरायच्या. एका दुपारी नदीवर मी भांडी घासत होते, तो पाण्यात पाय सोडून बसला होता. म्हणाला, "भागे, एक सांगू? कुणाला बोलू नको. मला अजून कुणी धरलेलंच नाय गो."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? इतकी वरसं खेळतोय. आपल्या वाडीतली पोरं सोडली तर एकानंही मला हात लावलेला नाय. मी गेलो की ते मागं सरतात. लोकांना वाटतं घाबरले. घाबरले नायत. त्यांना मला शिवायचं नाय. रेषेबाहेर पडलेलं बरं, पण याचा हात लागायला नको. प्रोफेसरला वाटतंय मी लय मोठा खेळाडू हाय. मलाच माहीत नाय मी कसा हाय ते."

महाडच्या सामन्यात माझा घसा बसला होता तो आठवला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला समजुतीचं काही बोलावं, तर ती अक्कल कुठे होती! मला फक्त माझी शाळा दिसत होती. मी फणकाऱ्याने म्हटलं, "मग सांग ना त्यांना धरायला. भितोस कशाला?"

त्याने पाण्यातून पाय बाहेर काढले. मग म्हणाला, "खरंच गो. सांगायलाच पायजे."

वैशाखात सामना झाला. शेतं भाजून काढलेली, मैदान कडक, चुन्याच्या रेषा मारलेल्या. गावातली माणसं एका बाजूला, आम्ही वाडीतले दुसऱ्या बाजूला बांधावर. मी बाबांच्या शेजारी, मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं. दादाच्या बाजूने आमच्याच वाड्यांतली पोरं होती. मुंबईचे दोघे खुर्चीवर, त्यांच्यापाशी प्रोफेसर. पहिल्या चढाईला दादा गेला, सगळे मागे सरले, दोघे रेषेबाहेर. टाळ्या. दुसऱ्या चढाईला तेच. मुंबईच्या माणसांनी माना डोलावल्या. तसाच सामना संपला असता तर पत्र हातात होतं. पण दादा परत आल्यावर मधल्या रेषेवर थांबला आणि सरळ प्रोफेसरांकडे गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण काय बोलला ते मला ठाऊक होतं. प्रोफेसरांचा चेहरा आधी नुसता गोंधळलेला होता, मग एकदम उतरला. इतक्या वर्षांत त्यांना ते पहिल्यांदा दिसलं असणार. ते ताडकन उठले आणि पंचाची शिटी स्वतः घेऊन वाजवली. मोठ्याने म्हणाले, "हा खेळ पकडीचा आहे. बाद झालेले सगळे आत या, डाव नव्याने. जो संघ पकड करणार नाही तो बाद. आणि त्यांचं नाव मी मुंबईला कळवीन."

वरच्या गावच्या कप्तानाने मागे वळून आपल्या माणसांकडे बघितलं. कुणीतरी म्हातारा तिकडून ओरडला, "अरे धरा की मग! धरा म्हणतोय तर धरा!" त्या आवाजाने बाबांनी माझा हात पकडला.

दादा तिसऱ्या चढाईला गेला. या वेळी कुणी मागे सरलं नाही. आधी एकाने घोटा धरला, मग दुसऱ्याने कंबर, मग सगळेच. मी मोजले, सात. त्यांच्या खाली दादा दिसेना, पण त्याचं हुतूतू ऐकू येत होतं, बारीक, सकाळच्यासारखं. तो सरकत होता. सात जणांना अंगावर घेऊन तो वीत वीत मधल्या रेषेकडे सरकत होता. आई जात्यात मुठी टाकत असती तर किती झाल्या असत्या देव जाणे, म्हणजे कोण जाणे, ही जुनी जिभेची सवय. मग त्या ढिगातून त्याचा हात बाहेर आला आणि चुन्याच्या रेषेवर पडला. पंचाने शिटी वाजवली. सातही बाद. एका चढाईत अख्खा संघ! आमच्या बांधावर सगळे उभे राहून ओरडले, मीही ओरडले.

शिटी वाजली की सोडायचं असतं. त्यांनी सोडलं नाही. हुतूतू थांबलं होतं, तरी ढीग तसाच. शिटी वाजतच होती. मग एक आवाज आला, ओली फांदी मोडल्यासारखा, आणि त्यानंतर दादाचा. तो आवाज मी लिहीत नाही.

"खेळात होतं," असं सगळे म्हणत होते. पंच म्हणाला, गावातले म्हणाले, आमच्यातलेही काही जण म्हणाले. होत असेल. मी पुष्कळ वर्षं शाळेत खेळ घेतले, पोरांचे गुडघे फुटलेले बघितले. खेळात काय होतं आणि काय करतात, यातला फरक मला कळतो. प्रोफेसर दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि "माझं चुकलं, माझं चुकलं" म्हणत होते. गुडघा पार उलटा फिरला होता. बांबूच्या कामट्या लावून, धोतर फाडून पाय बांधला. ते धोतर प्रोफेसरांचं.

बाबांनी बैलगाडी मागून आणली. वळसा पडू नये म्हणून गाडी नदीच्या उतारातून घातली. पाणी घोट्याएवढंच होतं. गाडीच्या हिसक्यांनी दादा कण्हत होता, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. पाण्यात शिरलो तेव्हा वरच्या अंगाला माणसांचा आवाज आला म्हणून मी बघितलं. ते सात जण डोहात उभे होते. कपड्यांसकट. एकमेकांच्या डोक्यावर पाणी ओतत होते, गळ्यातले गोफ, करदोडे सगळं चोळून धूत होते. खेळून आलेली पोरं नदीत मजा करतात तशी मजा नव्हती ती. गपचूप, काम उरकल्यासारखे धूत होते. घरी जाण्याआधी आंघोळ करून जायचं होतं त्यांना. त्यांचं ते पाणी वाहत खाली येऊन आमच्या गाडीच्या चाकांना लागत होतं.

मला वाटलं दादाचे डोळे मिटलेले आहेत. मी पदर आडवा धरला. तो म्हणाला, "काढ गो. बघितलंय मी."

बाबांनी बैलांना हाकललं.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले मुंबईला न्या. पैसे जुळवून नेईपर्यंत पाऊस लागला, रस्ता बंद झाला, आणि हाड बसलं ते वाकडं बसलं. आषाढ पुनवेला भन्तेजी आले, मागे पाच पोरं, डोकी तुळतुळीत, अंगावर नवी चीवरं, वर छत्र्या. दादाने आधीच स्वतःचं डोकं भादरून घेतलं होतं. बाजेवरूनच हात जोडून म्हणाला, "मला घ्या." भन्तेजींनी त्याच्या पायाकडे बघितलं. म्हणाले, "बाळा, दोन वर्षं चालायचं आहे." आणि झोळीतला धम्माचा ग्रंथ काढून त्याच्या उशाशी ठेवला, तू इथे वाच म्हणून. ते पाच जण चढणीच्या वाटेने वर गेले. दारातून दिसत होते. दादाने छाती भरून श्वास घेतला आणि हुतूतू सुरू केलं. ते वळणाआड गेले तरी त्याचा दम टिकला होता. आई जात्यापाशी बसून होती, पण दळत नव्हती.

श्रावणात पत्र आलं. प्रोफेसरांनी शब्द पाळला होता. आपली जागा दोन वर्षे राखून ठेवण्यात येत आहे, असं टाइप केलेलं. दादाने ते मला दोनदा वाचायला लावलं आणि कोनाड्यात बुद्धाच्या मागे ठेवून दिलं. पुढे दोन वर्षं भरली तेव्हा तो म्हणाला, "भागे, घे लिहून. जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. पण देण्याआधी त्याला धरून बघावं." मी लिहायला तयार होईना, तो ऐकेना. शेवटी तसंच लिहिलं. उत्तर आलं नाही.

मी ते पत्र महाडहून टाकलं, कारण तेव्हा मी महाडला हायस्कुलात होते. दादानेच बाबांना सांगितलं होतं, मी आता कुठं जाणार नाय, हिला घाला. माघातलं लग्न मोडलं. मी शिकले, शिक्षिका झाले, पेन्शन घेते. त्या वैशाखात मला जे हवं होतं ते सगळंच्या सगळं मला मिळालं. दादा काठी घेऊन दारापासून बांधापर्यंत जायचा. दर पावसाळ्यात तीन महिने ग्रंथ वाचायचा, वाडीतल्या तीन पिढ्यांना त्याने अक्षर शिकवलं. लग्न केलं नाही.

तो जाण्याआधी काही दिवस मी त्याच्यापाशी होते. तेव्हा धीर करून म्हटलं, "दादा, त्या दिवशी नदीवर मी तसं बोलायला नको होतं." त्याला आठवायला वेळ लागला नाही. म्हणजे त्यानेही ते इतकी वर्षं जवळ ठेवलं होतं.

"सात होते ना गो? तू मोजले होतेस."

"सात."

"आणि मी रेषेला हात लावला."

"लावलास."

"दम होता तवा?"

"होता. मी ऐकत होते."

"मग झालं की," असं म्हणून त्याने कूस बदलली.

त्याचं झालं असेल. माझं काही झालेलं नाही.